हुनर हाती आहे, सनद कुठे आहे?

दहावीचा निकाल लागला की आमच्या कापड बाजारातील दुकानावर एक वेगळीच वर्दळ सुरू होते. ही वर्दळ गिऱ्हाइकांची नसते. शिलाईवाले, गवंडी, वेल्डिंगवाले, गॅरेजवाले असे आमच्या ओळखीचे कारागीर आपापल्या मुलांना घेऊन येतात, आणि सर्वांचा सवाल एकच असतो, "सेठ, पोराची दहावी झाली. आता ह्याला कुठे घालू?"

यंदा आलेल्यांत एक आमचेच जुने कटिंग मास्टर होते. त्यांना पाहून आम्हांला आमची एक चूक आठवली. ती आधी सांगतो, कारण आज जे लिहायचे आहे त्याचे मूळ त्या चुकीत आहे.

१९९७ साली हे मास्टर सोळा वर्षांचे होते आणि नववीत शिकत होते. वडील आजारी पडले म्हणून ते आमच्या शिलाईखात्यात काज-बटणाच्या कामाला आले. दोन महिन्यांनी त्यांच्या शाळेतील एक शिक्षक दुकानावर आले आणि म्हणाले, "एवढी दहावी होऊ द्या, मग ठेवा कामाला." आम्ही त्यांना चहा पाजला आणि सांगितले, "मास्तरसाहेब, दहावी होऊन हा काय कलेक्टर होणार आहे? हात बसण्याचे वय हेच असते." हात खरोखरच बसला. आज त्यांच्या तोडीचा कटर आमच्या पाहण्यात नाही. कापडाचा ताका पाहून किती नग निघतील हे ते तोंडी सांगतात आणि वीतभर चिंधीही वाया जाऊ देत नाहीत.

काही वर्षांपूर्वी गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझरची जागा निघाली. मालकाने मास्टरांचे काम पाहिले, ते त्याला पसंत पडले. पगार आमच्यापेक्षा दीडपट होता. मग ऑफिसने दोन कागद मागितले, दहावीची गुणपत्रिका आणि धंद्याचे प्रमाणपत्र. दोन्ही नव्हते. जागा प्रमाणपत्र असलेल्या एका चोवीस वर्षांच्या मुलाला मिळाली, आणि त्या मुलाला कापडावर आखणी कशी मांडायची हे पुढे आमच्या मास्टरांनीच शिकवले. हुनर होते, सनद नव्हती. ही सनद आम्ही त्यांच्याकडून हिरावून घेतली होती, आणि तेही त्यांचे भले करतो आहोत अशा समजुतीने.

दोन रस्ते, दोन्ही अर्धवट

आमच्या बिरादरीत सोळा-सतरा वर्षांच्या मुलापुढे साधारण दोन रस्ते असतात. एक रस्ता उस्तादाच्या हाताखालचा. तेथे काम येते, चार पैसे लगेच घरात येतात, पण लेखी काहीच हाती लागत नाही. दुसरा रस्ता कॉलेजचा. अकरावी, बारावी, मग बी.ए. किंवा बी.कॉम. तेथे कागद मिळतो, पण हाताला काम येत नाही, आणि एकविसाव्या वर्षी मुलगा पुन्हा बापाच्याच दुकानात येऊन बसतो, तोही मन नसताना. पहिल्याला वर जायला जिना नाही आणि दुसऱ्याच्या पायाखाली जमीन नाही.

हा दोष केवळ आपला नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणाला धंद्याची जोड द्यावी असे सांगितले होते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अकरावी-बारावीतील १० टक्के मुले १९९० पर्यंत आणि २५ टक्के मुले १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवण्याचे ठरवले. आपल्या राज्यात त्यासाठी १९८८-८९ पासून किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम निघाले. परंतु उद्दिष्ट गाठले गेले नाही. २०२० च्या नव्या धोरणातच कबुली आहे की, बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार १९ ते २४ वयाच्या भारतीय कामगारांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी लोकांना रीतसर व्यवसाय शिक्षण मिळाले होते. त्याच धोरणात हे प्रमाण अमेरिकेत ५२ टक्के, जर्मनीत ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के दिले आहे.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. 'रीतसर' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्या देशातील कारागीर काम शिकलेले नाहीत असा याचा अर्थ नाही. ते शिकले, पण त्याची नोंद कोणी केली नाही. आमचे मास्टर त्या पाच टक्क्यांत कधीच मोजले गेले नसते.

नगरला ही गोष्ट नवी नाही

आपले नगर (आता अहिल्यानगर) पूर्वी हातमागाच्या साड्या आणि तांब्या-पितळेची भांडी यांसाठी ओळखले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे अमेरिकन मराठी मिशनने चालवलेली सर डी. एम. पेटिट स्कूल ऑफ इंडस्ट्रियल आर्ट्स ही शाळा होती. तेथे मुलांना अक्षरओळखीबरोबर सुतारकाम आणि धातुकाम शिकवले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी याच मिशनमधील डी. सी. चर्चिल या इंजिनियरने नगरमध्ये राहून हातमागात सुधारणा केली आणि अधिक वेगाने विणणारा माग तयार केला.

यातून आपण काय घ्यायचे? आपल्याच गावात शंभर वर्षांपूर्वी पुस्तक आणि हत्यार एका छपराखाली आले होते. सुधारणा करायची म्हणजे परदेशातून काही नवे आणायचे असे नाही. तुटलेला धागा पुन्हा जोडायचा आहे.

आयटीआय म्हणजे शेवट नव्हे

आता दहावी झालेल्या मुलासाठी आज काय काय उपलब्ध आहे ते पाहू. सर्वांत जवळचा मार्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा, म्हणजे आयटीआयचा. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मोटार मेकॅनिक, फ्रिज-एसी मेकॅनिक हे दोन वर्षांचे व्यवसाय आहेत आणि त्यांना दहावी पास लागते. वेल्डर आणि शिवणकाम (सिव्हिंग टेक्नॉलॉजी) हे एक वर्षाचे आणि वायरमन हा दोन वर्षांचा. यांत दहावी नापास मुलालाही अर्ज करता येतो. प्रवेश ऑनलाइन आणि गुणानुक्रमे होतात. शेवटी अखिल भारतीय परीक्षा होऊन राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते आणि ते देशभर चालते.

आपल्या लोकांत एक गैरसमज आहे की आयटीआयला गेलेला मुलगा शिक्षणातून बाद झाला. हे खरे नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकमध्ये थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनियरिंगच्या डिग्रीलाही जाता येते. तसेच दोन वर्षांचा आयटीआय आणि मंडळाचे ठरावीक भाषा विषय पास केले तर दहावीची किंवा बारावीची समकक्षता मिळते. दहावी नापास होऊन आयटीआय केलेल्याला दहावीची, आणि दहावी पास होऊन केलेल्याला बारावीची. पुष्कळ मुले या भाषा विषयांची परीक्षा देतच नाहीत, कारण त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. पालकांनी हे लक्षात ठेवावे.

या कागदाचा व्यवहारात उपयोग काय, असे कोणी विचारील. दोन दाखले देतो. पहिला दाखला आखाती देशांचा. दहावी पास नसलेल्या कामगाराच्या पासपोर्टवर 'इमिग्रेशन चेक'चा शेरा असतो आणि आखाती देशांत कामाला जाताना त्याला सरकारी परवानगी काढावी लागते. दहावी पास असेल, किंवा मान्यताप्राप्त संस्थेचा दोन वर्षांचा डिप्लोमा असेल, तर हा शेरा लागत नाही. सौदी अरेबियाने तर अलीकडच्या वर्षांत प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर अशा कामांसाठी व्हिसापूर्वी कौशल्याची परीक्षाही लागू केली आहे. दुसरा दाखला इथलाच. वायरिंगचे काम कितीही चांगले येत असले तरी परवान्याशिवाय त्याचा ठेका स्वतःच्या नावावर घेता येत नाही. मग काम आपल्या मुलाचे, सही दुसऱ्याची, आणि नफ्यातला वाटाही दुसऱ्याचा.

उस्ताद-शागिर्दीला कायद्याची जोड

ज्या घरात पैशाची तंगी आहे तेथे "दोन वर्षे नुसते शिक" असे मुलाला सांगणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. अशांसाठी शिकाऊ उमेदवारीचा मार्ग आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. त्याखाली मुलगा कारखान्यात काम शिकतो, त्याला विद्यावेतन मिळते आणि शेवटी परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळते. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणे बंधनकारक झाले, आणि ४ ते २९ माणसे असलेल्याला ते ऐच्छिक राहिले. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. २०२३ पासून ही रक्कम थेट उमेदवाराच्या बँक खात्यात देण्याची पद्धत सुरू झाली.

नागापूरच्या एमआयडीसीतील मोठ्या कारखान्यांना हे सर्व ठाऊक आहे. ठाऊक नाही ते आपल्याला. आमच्या बाजारात आठ-दहा माणसे कामाला असलेले शिलाईखाते पुष्कळ आहेत, पण त्यांतील कोणी शागिर्दाची नोंदणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कारण एकच, नोंद केली की सरकारी झंझट मागे लागेल ही भीती. वास्तविक शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नसतो, त्यामुळे त्याचा प्रॉव्हिडंट फंड भरावा लागत नाही. कामावर दुखापत झाली तर भरपाईची जबाबदारी मात्र मालकाची असते, आणि ती असायलाच हवी.

ज्यांची दुकाने अगदीच लहान आहेत त्यांच्यासाठीही वाट आहे. अनेक मालकांनी एकत्र येऊन, स्वतः किंवा मान्यताप्राप्त संस्थेमार्फत, उमेदवारांना शिकवावे अशी तरतूद २०१४ च्या दुरुस्तीने झाली आहे. एकाकडे कटिंग, दुसऱ्याकडे इंटरलॉक, तिसऱ्याकडे हिशेब आणि मालाची तपासणी असे वाटून घेतले तर मुलगा एका ठिकाणी काज-बटणातच अडकून पडणार नाही.

अर्थात चौदा वर्षांखालील मुलाला दुकानात वा कारखान्यात कामाला ठेवणे हा गुन्हा आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांवर ठेवणेही बंद झाले आहे. शागिर्दीच्या नावाखाली कोणी हे करीत असेल तर त्याची बाजू आम्ही घेणार नाही.

जे आधीच कामाला लागले त्यांचे काय?

ज्यांची शाळा सुटून गेली त्यांनीही निराश होऊ नये. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बाहेरून बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही (एनआयओएस) दहावी करता येते, आणि तेथे उर्दू व मराठी दोन्ही माध्यमे आहेत. कामावरच शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याच्या हुनराला प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत करण्यात आली.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी, सुतार, लोहार, गवंडी, मोची, धोबी, न्हावी, कुलूप बनवणारे अशा १८ व्यवसायांतील कारागीर येतात. वय १८ पूर्ण हवे आणि लाभ घरटी एकालाच मिळतो. पाच ते सात दिवसांचे प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर आणि ओळखपत्र असे त्याचे स्वरूप ठरवण्यात आले. कर्जाचीही सोय आहे, पण कर्ज घेतलेच पाहिजे असे नाही. ज्यांना कर्ज नको त्यांनी केवळ तेवढ्यासाठी बाकीचे सोडू नये.

मात्र खरे बोलायचे तर सात दिवसांची सनद आणि दोन वर्षांची सनद यांचे वजन सारखे नाही. म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला छोट्या मार्गाने नेऊ नका. छोटा मार्ग आमच्या मास्टरांसारख्यांसाठी आहे, ज्यांची वेळ निघून गेली.

प्रत्येक कागद सोन्याचा नसतो

आणखी एक सावधगिरी. गल्लोगल्ली 'शंभर टक्के नोकरी' असे फलक लावलेले वर्ग निघतात, भरमसाट फी घेतात आणि रंगीत प्रमाणपत्र देतात. हा प्रकार केवळ आपल्याकडेच होतो असे नाही. इंग्लंडमध्ये २०११ साली प्राध्यापिका ॲलिसन वुल्फ यांनी सरकारला अहवाल दिला. सोळा ते एकोणीस वयाची किमान साडेतीन लाख मुले अशा व्यवस्थेत आहेत की त्यांना मिळणाऱ्या शिक्षणाचा फारसा फायदा नाही, असे त्यात म्हटले होते. त्यांची मुख्य शिफारस ही की, मुलगा कोणताही धंदा शिको, भाषा आणि गणित पक्के होईपर्यंत ते सोडू नये.

आम्हां कापडवाल्यांना हे लगेच पटावे. ज्याला गुणाकार-भागाकार पक्का येत नाही तो कटर कापडात नुकसान करतो, आणि ज्याला पत्र लिहिता येत नाही तो जीएसटीची नोटीस घेऊन दुसऱ्याच्या दारात उभा राहतो. फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. परीक्षा कोण घेते? प्रमाणपत्रावर सरकारमान्य मंडळाचे नाव आहे का? आणि हे घेऊन पुढे कोणत्या वर्गात प्रवेश मिळतो? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो कागद म्हणजे बंद गल्ली समजावी.

सरकारकडून काय हवे?

जर्मनीत सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आठवड्यातले तीन-चार दिवस मालकाकडे काम शिकतो आणि एक-दोन दिवस शाळेत जातो. परीक्षा व्यापारी मंडळ किंवा कारागीर मंडळ घेते, आणि पुढे तोच मुलगा परीक्षा देऊन 'माइस्टर' म्हणजे उस्ताद बनतो. नीट पाहिले तर ही आपलीच उस्ताद-शागिर्दी आहे. त्यांनी तिला शाळा आणि सनद जोडली, आपण नाही. त्या नमुन्यावर तीन मागण्या कराव्याशा वाटतात.

पहिली मागणी भाषेची. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. शाळेत आम्ही 'जाविया' आणि 'कुतर' शिकलो, आणि धंद्यात उतरल्यावर त्यालाच 'कोन' आणि 'व्यास' म्हणतात हे नव्याने शिकावे लागले. आयटीआयमध्ये तिसरेच इंग्रजी शब्द येतात. हुशार मुलगा केवळ शब्दांपायी मागच्या बाकावर जातो. प्रवेशानंतर पहिले दोन महिने धंद्याच्या शब्दांचा वर्ग चालवला तर हा प्रश्न बराच सुटेल.

दुसरी मागणी वेळेची. राज्याच्या अल्पसंख्याक विभागाने काही शासकीय आयटीआयमध्ये जादा पाळ्या सुरू केल्या होत्या, ही चांगली सुरुवात होती. दिवसा काम करणाऱ्या शागिर्दासाठी संध्याकाळची पाळी तालुक्याच्या गावीही हवी.

तिसरी मागणी प्रवेशाची. मदरशात शिकलेल्या मुलांनाही तांत्रिक प्रशिक्षणाला पात्र धरावे अशी शिफारस सच्चर समितीने २००६ सालीच केली होती. तिचा विचार गांभीर्याने व्हावा.

आपण काय करावे?

सरकारकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. आम्ही आमच्या दुकानापुरते काही नियम ठरवले आहेत. दहावी झाल्याशिवाय कोणाही मुलाला कायम कामावर ठेवायचे नाही. शिकणाऱ्या मुलाला परीक्षेच्या महिन्यात भरपगारी रजा द्यायची. प्रत्येक शागिर्दाच्या नावाने एक वही ठेवायची आणि तो कोणत्या महिन्यात काय शिकला हे त्यात लिहायचे. काम सोडताना त्याला दुकानाच्या लेटरहेडवर अनुभवाचा दाखला द्यायचा. यासाठी खर्च फार येत नाही. आमच्या व्यापारी बंधूंनी प्रत्येकी एका मुलाची जरी अशी जबाबदारी घेतली तरी बाजाराचा चेहरा बदलेल. आणि मुलींना विसरू नये. घरात बसून पीस-रेटवर शिवणाऱ्या आपल्या मुलींना सनदेची गरज मुलांपेक्षा जास्त आहे, कारण त्यांच्या हुनराचा भाव दलाल ठरवतो.

आता त्या मास्टरांच्या मुलाविषयी. मुलाला ५८ टक्के गुण आहेत आणि त्याला विजेच्या कामाची आवड आहे. बापाची इच्छा होती की त्याने मशीनवर बसावे, कारण घरात आणखी तीन खाणारी तोंडे आहेत. आम्ही तिघे दुकान बंद झाल्यावर तासभर बसलो आणि हिशेब मांडला. दोन वर्षांत मुलाची जी कमाई बुडेल ती एका पारड्यात घातली, आणि वडिलांची बुडालेली सुपरवायझरची जागा दुसऱ्या पारड्यात. मास्टर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलाचा इलेक्ट्रिशियनचा अर्ज आमच्याच दुकानातून भरला गेला. प्रवेश मिळाला तर दोन वर्षे संध्याकाळी तो दुकानात दोन तास हिशेबाला बसेल आणि त्याचा मोबदला घेईल, असे ठरले आहे. नाही मिळाला तर शिकाऊ उमेदवारीसाठी खटपट करू.

१९९७ साली त्या शिक्षकांना आम्ही जे उत्तर दिले ते आता परत घेता येत नाही. ते आज हयात असते तर आम्ही स्वतः जाऊन त्यांची माफी मागितली असती. आपल्या दुकानावर, आपल्या गॅरेजवर असा कोणी शिक्षक आला आणि म्हणाला की एवढी दहावी होऊ द्या, तर त्याला चहा अवश्य पाजा, आणि त्याचे म्हणणेही ऐका.